मेमरी मोकळी दिसते, तरी फ्रेम गळतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये नेमकं कुठे अडतंय?

मकरपुरेकर

नमस्कार मंडळी. बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं छोटं युनिट आहे. औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं तपासणारं मशीन आम्ही बनवतो. बाटली कॅमेऱ्यासमोरून जाते, फोटो निघतो, बॅच नंबर आणि एक्स्पायरी वाचली जाते. सगळं नीट असेल तर बाटली पुढे जाते, नसेल तर हवेचा झोत मारून ट्रेमध्ये. ज्या बाटलीचा फोटोच मिळाला नाही तीही ट्रेमध्येच जाते. औषधाच्या कामात ते तसंच असायला हवं.

अडचण अशी की सकाळी मशीन सुरू केलं की सगळं सुरळीत चालतं आणि दुपारच्या पाळीत ट्रे भरायला लागतो. त्यातल्या बाटल्या हातात घेऊन बघितल्या तर लेबलं एकदम स्वच्छ. लॉगमध्ये मात्र फ्रेम, म्हणजे कॅमेऱ्याचे फोटो, गळालेल्या. बोर्ड बंद करून चालू केला की पुन्हा काही तास ठीक. ग्राहकाकडचा ऑपरेटर आता जेवणाच्या सुट्टीत स्वतःच मशीन बंद-चालू करून घेतो. आमच्या मशीनची ही सवय त्याच्या अंगवळणी पडावी, हे मला अजिबात पटत नाही.

बोर्ड चार कोअरचा आर्म ६४, रॅम २ जीबी, कर्नल ६.१, स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) नाही. कॅमेरा एफपीजीए (प्रोग्राम करता येणारी चिप) कार्डातून येतो, कार्ड बोर्डाच्या पीसीआयई बसवर. ड्रायव्हर कार्डाबरोबर आलेला आहे. सेकंदाला २५ फ्रेम, १९२० बाय १०८०, कृष्णधवल, पिक्सेलला एक बाइट. ‘फ्री’ कमांड २०० एमबीच्या वर मोकळी दाखवते, ‘अव्हेलेबल’ तर एक जीबीच्या आसपास. सीपीयू निम्माही वापरला जात नाही. डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, स्वच्छ आहे. मग हे अडतंय कुठे?

रावपुरा

आमच्या सर्व्हरवर असं व्हायचं तेव्हा कर्नलची कॅशे रिकामी करायला क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) दर तासाला ड्रॉप-कॅशेसमध्ये ३ लिहायचो. करून बघा.

विश्वामित्रीकाठ

रावपुरा, ते नको. ड्रॉप-कॅशेस ही तपासणीसाठी दिलेली सोय आहे, रोजच्या वापरासाठी ती नाही असं कर्नलच्या कागदपत्रांतच लिहिलेलं आहे. कॅशे रिकामी केली की पुढच्या क्षणी तीच पेजेस (मेमरीचे ४ केबीचे तुकडे) डिस्कवरून परत वाचावी लागतात. लाइन चालू असताना हे करणं म्हणजे दर तासाला स्वतःहून एक झटका देणं.

मकरपुरेकर, तीन गोष्टी टाका: दुपारची बडीइन्फो (मोकळी मेमरी कोणत्या आकाराच्या तुकड्यांत आहे ते दाखवणारी ओळ), त्याच वेळची व्हीएमस्टॅटमधली (मेमरीच्या कामाचे कर्नलचे आकडे) ‘कॉम्पॅक्ट’ने सुरू होणारी ओळ न ओळ, आणि ड्रायव्हर फ्रेमसाठी मेमरी कुठून आणि कधी मागतो ते. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं.

मकरपुरेकर

दुपारची बडीइन्फो, झोन (मेमरीचा विभाग) डीएमए. या बोर्डावर बाकी झोन रिकामेच असतात:

१८३४२ ९१२० ३०१५ ६१० ८८ १२ ३ ० ० ० ०

व्हीएमस्टॅटमध्ये कॉम्पॅक्ट-स्टॉल सकाळी जवळजवळ शून्य. दुपारी दर सेकंदाला वाढतोय, आणि कॉम्पॅक्ट-फेल त्याच्या मागोमाग. कॉम्पॅक्ट-सक्सेस मात्र तिथल्या तिथेच.

ड्रायव्हर प्रत्येक फ्रेमला के-मॅलॉक करतो (कर्नलकडे मेमरी मागतो), डीएमएसाठी (कार्डाने थेट मेमरीत लिहिण्यासाठी) मॅप करतो, फ्रेम आली की यूझरकडे (आमच्या प्रोग्रामकडे) कॉपी करतो आणि के-फ्री, म्हणजे मेमरी परत. मागणी जीएफपी-कर्नलने (गरज पडली तर थांबून मेमरी मिळवणारी) आहे, सोबत नो-वॉर्नचा (अपयश लॉगमध्ये न लिहिण्याचा) झेंडाही लावलेला आहे.

विश्वामित्रीकाठ

नो-वॉर्न लावलाय म्हणून डीमेसेज स्वच्छ. तो नसता तर ‘पेज अलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ९’ अशी ओळ पहिल्याच दुपारी दिसली असती. आता सविस्तर लिहितो, कारण या दुखण्यात ‘फ्री’चा आकडा सगळ्यांना फसवतो.

तुमची एक फ्रेम २०,७३,६०० बाइटची. ४ केबीच्या हिशेबाने ५०७ पेजेस. के-मॅलॉक भौतिक पत्त्यांवर सलग मेमरी देतो, आणि एवढी मोठी मागणी तो सरळ पेज अलोकेटरकडे, म्हणजे बडीकडे पाठवतो. बडीकडे २ च्या घातांतच माल मिळतो: १ पेज, २, ४, ८ असं करत १०२४ पर्यंत. ५०७ ला ५१२ चा ठोकळा लागतो. म्हणजे ऑर्डर ९, सलग २ एमबी.

तुमच्या ओळीतला पहिला आकडा एकट्या पेजेसचा, दुसरा जोड्यांचा, तिसरा चौकड्यांचा. सगळं मिळून ५५,५०६ पेजेस होतात, म्हणजे २१७ एमबी. ‘फ्री’ खोटं बोलत नाही. पण ऑर्डर ७ पासून पुढे सगळे शून्य आहेत, तुमच्या हातातला सगळ्यात मोठा सलग तुकडा २५६ केबीचा. गाडीच्या डब्यात सुट्या जागा पुष्कळ, पण अख्खं बाकडं एकही रिकामं नाही, अशी अवस्था.

ठोकळा नाही म्हटल्यावर कर्नल हात वर करत नाही. आधी कॉम्पॅक्शन करून बघतो: एक स्कॅनर झोनच्या खालच्या टोकाकडून हलवता येण्याजोगी पेजेस गोळा करत येतो, दुसरा वरच्या टोकाकडून मोकळी पेजेस शोधत उतरतो, आणि दोघे भेटेपर्यंत हलवाहलव चालते. हे काम केकॉम्पॅक्टडी मागच्या मागे करतो तोवर कुणाला कळत नाही. पण जीएफपी-कर्नलने मागणी आली आणि माल तयार नसला, तर मागणारा थ्रेड स्वतः हे काम करत बसतो. तुमच्याकडे मागणारा थ्रेड म्हणजे फ्रेम पकडणारा थ्रेड. त्याच्याकडे वेळ किती? २५ फ्रेम म्हणजे फ्रेमला ४० मिलिसेकंद.

आणि एवढं करून पदरी काही पडत नाही, हे तुमचा कॉम्पॅक्ट-फेल सांगतोच आहे. हलवता येतात ती पेज कॅशेची आणि प्रोसेसच्या मेमरीची पेजेस. स्लॅबची (कर्नलच्या स्वतःच्या छोट्या नोंदींसाठीची मेमरी), पेज टेबलांची, नेटवर्क बफरची हलत नाहीत. २ एमबीच्या ठोकळ्यात असलं एकच पेज घुसलं की तो ठोकळा तुमच्यासाठी गेला. शिवाय डिस्कवर लिहिली जात असलेली पेजेस थेट कॉम्पॅक्शन हलवत नाही, त्यांना सोडून पुढे जातं. तुमचं मशीन फोटो साठवतं का?

मकरपुरेकर

हो. नापास बाटलीचा प्रत्येक फोटो ईएमएमसीवर, म्हणजे बोर्डावरच्या साठवणीवर, जातो, प्रत्येकाची वेगळी फाइल. ऑडिटला लागतात.

विश्वामित्रीकाठ

मग चित्र पूर्ण झालं. प्रत्येक फाइलमागे एक आयनोड (फाइलची माहिती), एक डेंट्री (फाइलच्या नावाची नोंद), दोन्ही स्लॅबमध्ये. स्लॅबटॉप चालवून बघा, ईएक्सटी-४ आयनोड कॅशे आणि डेंट्री वरच्या ओळींत असतील.

ड्रायव्हरची पद्धतही आगीत तेल ओतते. तो २ एमबी घेतो आणि लगेच परत करतो. परत आलेला ठोकळा ‘न हलणाऱ्या’ यादीत जातो, कारण के-मॅलॉकची मागणी त्या जातीची. पुढच्या क्षणी स्लॅबला चार पेजेस हवी झाली आणि छोटे तुकडे हाताशी नसले, की त्याच ठोकळ्यातून कापून दिली जातात. म्हणजे पुढच्या फ्रेमची जागा दोन फ्रेमच्या मधल्या वेळात दुसऱ्याच्या हाती जाते. फोटो साठवले जातात म्हणून ठोकळे मोडतात, ठोकळे मोडले की फ्रेम गळते, गळाली की बाटली ट्रेमध्ये. सकाळी ठोकळे पुष्कळ असतात म्हणून सकाळ चांगली जाते.

रावपुरा

६.१ मध्येच एमजीएलआरयू आलंय ना? चालू करून बघायला काय हरकत आहे? आमच्याकडे जुन्या लॅपटॉपवर फार फरक पडला.

विश्वामित्रीकाठ

आलंय, यू झाओ यांचं काम, डिसेंबर २०२२ मध्ये निघालेल्या ६.१ मध्ये पहिल्यांदा आलं. लॅपटॉपवरचा तुमचा अनुभव खरा असणार. पण एमजीएलआरयू ठरवतं की मेमरी कमी पडल्यावर कोणती पेजेस आधी काढायची. इथे मेमरी कमी पडलेलीच नाही, ती सलग नाही. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी. आकडे न बघता कर्नलचे खटके खालीवर करण्याने आपल्याकडे किती लोकांचे किती आठवडे जातात ते मी जवळून बघितलं आहे, म्हणून एवढं आग्रहाने लिहितोय.

पुण्यातला_बडोदेकर

दांडिया बाजारात वाढलो, आता पुण्यात चिपच्या कंपनीत ड्रायव्हर लिहितो. विश्वामित्रीकाठ काकांनी निदान अगदी बरोबर केलंय. एक पुरावा अजून गोळा करा, म्हणजे कार्ड बनवणाऱ्यांशी बोलताना तुमचं पारडं जड राहील. एफ-ट्रेसमध्ये (कर्नलच्या आतल्या घटना वेळेसकट नोंदवणारी सोय) कॉम्पॅक्शन-बिगिन आणि कॉम्पॅक्शन-एंड हे दोन ट्रेसपॉइंट चालू करा, फ्रेम पकडणाऱ्या थ्रेडचा पीआयडी गाळून घ्या. दोन्हींच्या वेळांतला फरक म्हणजे त्या थ्रेडने वाया घालवलेला वेळ.

पीएसआयही (मेमरी वगैरेसाठी थांबण्यात गेलेला वेळ मोजणारी सोय) बघा, ४.२० पासून कर्नलमध्ये आहे. प्रॉकखाली प्रेशर फोल्डरमध्ये मेमरी नावाची फाइल. थेट कॉम्पॅक्शनमध्ये अडकलेला वेळ त्यात मोजला जातो. फाइल नसेल तर बूटलाइनवर पीएसआय=१ देऊन बघा.

टेक्नोची_मुलगी

मी एम. एस. युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, कलाभवनात शिकते. एक शंका: कार्डाला सलगच मेमरी का लागते? आम्हाला शिकवलंय की व्हर्च्युअल मेमरीमुळे भौतिक पत्ते विखुरलेले असले तरी चालतात.

पुण्यातला_बडोदेकर

प्रश्न नेमका विचारलास. प्रोसेसरला चालतं, कारण त्याच्याकडे पत्ते फिरवून देणारं एमएमयू आहे. पीसीआयईवरचं कार्ड मेमरीत थेट लिहितं, एमएमयू त्याच्या वाटेत नाही. दोन पर्याय असतात. एक, बोर्डावर आयओएमयू असणं, जे कार्डासाठी तेच काम करतं. दोन, कार्डाच्या डीएमए इंजिनला ‘इथे ४ केबी लिही, मग तिथे ४ केबी’ अशी यादी समजणं, म्हणजे स्कॅटर-गॅदर. स्वस्त एफपीजीए डिझाइनमध्ये पुष्कळदा एकच रजिस्टर असतं: सुरुवातीचा पत्ता. मकरपुरेकर, तुमचं तसंच आहे का?

मकरपुरेकर

तसंच. एक पत्ता, एक लांबी. आयओएमयू या बोर्डावर नाही.

ट्रेस घेतला. सकाळी त्या थ्रेडच्या नावावर कॉम्पॅक्शनची एकही नोंद नाही. दुपारी एकेक फेरी ६०-७० मिलिसेकंदांची, आणि अशा फेऱ्या लागोपाठ. प्रत्येक गळालेल्या फ्रेमच्या वेळेला एक फेरी बरोबर जुळते. कागदावर दोन रकाने शेजारी लिहून काढले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला, इतके महिने आम्ही केबल बदलत होतो.

आता उपाय सांगा. कर्नलच्या व्हीएम सेटिंग्जमध्ये कॉम्पॅक्शन-प्रोअॅक्टिव्हनेस दिसतंय, ते वाढवू का?

विश्वामित्रीकाठ

५.९ पासून आहे ते, मूळ किंमत २०. वाढवलंत तर केकॉम्पॅक्टडी आधीपासून आवराआवर करत राहील आणि तुमची वाईट वेळ दुपारवरून संध्याकाळवर जाईल. पण न हलणारी पेजेस त्यालाही हलत नाहीत. मिन-फ्री-केबाइट्स (कर्नल राखून ठेवतो ती किमान मोकळी मेमरी) वाढवण्याचंही तेच. २ जीबीच्या मशीनवर कर्नल ती स्वतः ५.७ एमबीच्या आसपास ठेवतो, तुम्ही ती ६४ एमबी केलीत तरी ते ६४ एमबी सलग असतील याची हमी कुणी देत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की फ्रेम येत असताना मेमरी मागूच नका. ड्रायव्हर लोड होताना, बूटच्या वेळी, जेव्हा ठोकळे अख्खे असतात, तेव्हा ८ बफर घ्या, १६ एमबी, आणि मशीन बंद होईपर्यंत परत करू नका. फ्रेम आली की रिंगमधला पुढचा बफर. मग कॉम्पॅक्शन किती वेळ घेतं हा प्रश्न तुमच्या थ्रेडपुढे येणारच नाही.

जागा सीएमएमधून, म्हणजे सलग मेमरीसाठी राखलेल्या भागातून, घ्या. सॅमसंगच्या मंडळींनी हे नेमकं कॅमेऱ्यासारख्या कामांसाठीच लिहिलं, ३.५ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) रिझर्व्ह्ड-मेमरीखाली ३२ एमबीचा भाग, शेअर्ड-डीएमए-पूल, आणि त्यावर ‘रीयूजेबल’. ‘नो-मॅप’ लावू नका. रीयूजेबलमध्ये जो भाग तुम्ही घेतला नाही तो कर्नल हलणाऱ्या पेजेसना वापरायला देतो, वाया जात नाही.

फक्त मॉड्यूल दिवसाढवळ्या काढून परत घालू नका. एकदा भाग सोडलात की त्यात पेज कॅशे येऊन बसते, परत घेताना ती हलवावी लागते, आणि त्यातलं एखादं पेज कुणी पिन करून (हलू नये असं अडकवून) ठेवलं असेल तर मागणी नापास होते.

मकरपुरेकर

काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. प्रोबमध्ये (ड्रायव्हर सुरू होताना) डीएमए-अलोक-कोहेरंटने ८ बफर, यूझरला एमएमॅप (तोच बफर थेट दिसतो), कॉपी काढून टाकली. फ्रेम गळणं पूर्ण थांबलं. कॉम्पॅक्ट-स्टॉल पाळी संपेपर्यंत हलत नाही.

पण नवीनच भानगड. लेबल वाचायला पूर्वी साधारण १० मिलिसेकंद लागायचे, आता ३० च्या वर. कॉपी काढल्यावर वेळ वाचायला हवा होता, तो तिपटीने वाढला. वाचण्याच्या कोडला हातही लावलेला नाही.

पुण्यातला_बडोदेकर

यावर मी बोलतो, हा माझा रोजचा खड्डा आहे.

तुमच्या बोर्डावर पीसीआयई प्रोसेसरच्या कॅशेशी सुसंगत नाही. अशा ठिकाणी डीएमए-अलोक-कोहेरंट सुसंगती कशी आणतं? त्या मेमरीचं मॅपिंग कॅशेविना करून. कार्डाने लिहिलेलं प्रोसेसरला ताबडतोब खरं दिसतं, पण आता प्रत्येक वाचन थेट डीरॅमपर्यंत जातं. अक्षरं ओळखणारं कोड एकेका पिक्सेलकडे दहादा बघतं. पूर्वी कॉपी करताना ती फ्रेम साध्या, कॅशेवाल्या मेमरीत यायची, म्हणून वाचन झपाझप व्हायचं. तुम्ही काढलेली कॉपी अनवधानाने हे काम करत होती.

कॉपी परत आणू नका. डीएमए-अलोक-नॉनकोहेरंट वापरा. बफर त्याच सीएमए भागातून येईल, सलगच असेल, पण मॅपिंग कॅशेवालं. त्याबदली जबाबदारी तुमच्याकडे: फ्रेम पूर्ण झाल्याचा इंटरप्ट आला की यूझरला सांगण्याआधी डीएमए-सिंक-सिंगल-फॉर-सीपीयू, आणि बफर कार्डाला परत देताना फॉर-डिव्हाइस. पहिलं विसरलात तर जुन्या बाटलीचे काही पट्टे नव्या फोटोत दिसतील, आणि तेही कधीतरीच. औषधाच्या लेबलवर हे गळालेल्या फ्रेमपेक्षा शंभरपट वाईट. म्हणून ते दोन्ही कॉल एकाच फंक्शनमध्ये, रिंग पुढे सरकते तिथेच ठेवा, चार ठिकाणी पसरू देऊ नका.

पुढे कधी वेळ मिळाला तर हा ड्रायव्हर व्हिडिओबफ-२ या कर्नलमधल्या तयार चौकटीवर आणा. बफरची मालकी कधी कुणाकडे याचा हिशेब तिथे आयता मिळतो.

रावपुरा

वाचून एक गोष्ट विचारावीशी वाटते. फ्रॅगमेंटेशन एवढं त्रासदायक असेल तर कर्नल सगळं २ एमबीच्या हद्दीवरच का ठेवत नाही?

विश्वामित्रीकाठ

तसा एक प्रयत्न व्हर्च्युअल पत्त्यांच्या बाजूने झाला, आणि तो कामगिरीच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. ६.७ मध्ये रिक व्हॅन रील यांचा बदल आला: २ एमबी किंवा त्याहून मोठं अनामिक (कुठल्या फाइलशी न जोडलेलं) मॅपिंग मागितलं की ते २ एमबीच्या हद्दीवर सुरू करायचं, म्हणजे त्याला ह्यूज पेज (२ एमबीचं एकच मोठं पेज) मिळायला सोपं जाईल. विचार अगदी रास्त. पण स्पेक सीपीयू २०१७ मधल्या कॅक्टस-बीएसएसएन या चाचणीत काही मशीनांवर ६०० टक्क्यांपर्यंत मंदी नोंदली गेली.

कारण बघा. ती चाचणी ४६३२ केबीची पुष्कळ मॅपिंग मागते. आधी ती एकमेकांना चिकटून बसायची, सगळ्यांचा मिळून एक मोठा पट्टा व्हायचा आणि त्या पट्ट्याला ह्यूज पेजेस मिळायची. नव्या नियमाने प्रत्येक मॅपिंग २ एमबीच्या हद्दीवर सुरू, म्हणजे ४६३२ नंतर थेट ६१४४ वर, मध्ये १५१२ केबीची फट. पट्टा तुटला. आणि सगळ्यांची सुरुवात एकाच ठराविक अंतरावर आल्याने त्यांचे पत्ते टीएलबी (पत्त्यांच्या भाषांतराची कॅशे) आणि कॅशेच्या त्याच त्या कप्प्यांवर आदळायला लागले, असा निष्कर्ष निघाला. डार्कटेबल या फोटोच्या सॉफ्टवेअरलाही त्याच बदलाचा फटका बसला. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्लास्टिमिल बाब्का यांनी नियम आवळला: लांबी २ एमबीच्या पटीत असेल तरच हद्दीवर ठेवायचं.

मेमरीच्या कामात मला हेच आवडतं आणि हेच कठीण वाटतं. बदल तीन ओळींचा, पण तो कुणाच्या वापराला कुठे लागेल हे त्या वापराचे आकडे समोर आल्याशिवाय कळत नाही. मकरपुरेकरांच्या दोन रकान्यांचं मोल म्हणूनच मोठं.

टेक्नोची_मुलगी

मला हे घरी करून बघायचं आहे. बोर्ड नाही, लॅपटॉप आहे. क्यू-ईएमयूमध्ये (सॉफ्टवेअरमधलं आभासी मशीन) जमेल?

विश्वामित्रीकाठ

जमेल बेटा. ५१२ एमबीचं मशीन उभं कर, स्वॅप देऊ नकोस. आत एक छोटं मॉड्यूल लिही, जे दर ४० मिलिसेकंदांनी २ एमबी के-मॅलॉक करून सोडतं आणि प्रत्येक मागणीला किती वेळ लागला ते नोंदवतं. शेजारी एक स्क्रिप्ट लाखभर छोट्या फाइली बनवत राहू दे. बडीइन्फोची उजवी बाजू कशी शून्य होत जाते ते बघ, आणि पेजटाइपइन्फोमध्ये ‘अनमूव्हेबल’ आणि ‘रिक्लेमेबल’ ठोकळ्यांची संख्या कशी चढते तेही. मग मॉड्यूलमध्ये रिंग करून तोच प्रयोग पुन्हा कर. आलेख इथे टाक, आम्ही सगळे बघू.

मकरपुरेकर

नॉनकोहेरंटवर आलो. वाचन ९ मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे कॉपीच्या काळापेक्षाही थोडं कमी. दोन्ही सिंक कॉल रिंगच्या एकाच फंक्शनमध्ये आहेत. जुना पट्टा नव्या फोटोत येतो का हे पकडायला कन्व्हेयरवर काळी आणि पांढरी बाटली आलटून पालटून लावून रात्रभर चालवलं, एकाही फोटोत मिसळ नाही. पीएसआयच्या मेमरी फाइलमध्ये दुपारीही दोन्ही ओळी शून्यावर.

फोटोंसाठी आता तासाला एकच मोठी फाइल आणि सोबत अनुक्रमणिका असं करतोय. आयनोडची गर्दी त्याने कमी होईल, आणि ऑडिटरलाही शोधायला सोपं. हा भाग पुढच्या सर्व्हिस व्हिजिटला ग्राहकाकडे चढवणार. कार्ड बनवणाऱ्यांना ट्रेस आणि पॅच दोन्ही पाठवलेत, नो-वॉर्न काढायची विनंती वेगळ्या पॅचमध्ये.

बेटा, तुला क्यू-ईएमयूऐवजी खऱ्या बोर्डावर मोजायचं असेल तर युनिटवर ये. एक जुना बोर्ड जुन्या ड्रायव्हरसकट तसाच ठेवलाय, दुपारपर्यंत चालू ठेवला की बडीइन्फो तशीच दिसते.

टेक्नोची_मुलगी

काका, नक्की येते. शनिवारी लॅब नसते. मॉड्यूल आधी घरी चालवून आणते, म्हणजे तिथे फक्त मोजायचं काम उरेल.